मुरमावरचा आराखडा

मी कृषी पदवीधर आहे. हे मी कुठंही सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोकांना पटत नाही. हिवरखेडच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. अकोल्याला चार वर्षं वसतिगृहातली पातळ डाळ पिऊन मी पदवी घेतली आणि तिची चौकट करून भिंतीवर लावली. ती आजही पाहुण्यांना सरळ दिसेल अशा ठिकाणी आहे. मला त्याची लाज नाही.

आता मी अमरावतीत एका सरकारी कचेरीत बसते. माझं काम आराखडे करायचं. कोणत्या गावानं काय पेरावं, कधी पेरावं, दोन ओळींत किती अंतर ठेवावं, याचे तक्ते मी बनवते. ते वर जातात, सही होऊन खाली येतात, आणि तोवर शेतकऱ्यानं त्याला जे पेरायचं ते पेरून टाकलेलं असतं. यात कोणाचंच काही बिघडत नाही, म्हणून ही पद्धत इतकी वर्षं सुरळीत चालली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी हेच शास्त्र माझ्या घराच्या मागच्या आवाराला लावलं. त्याचं मूळ कारण माझी माय.

बाबा गेल्यावर माय गावी भावाजवळ राहायची. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की वावरात पाय ठेवायचा नाही. गावात राहून वावरात पाय ठेवायचा नाही म्हणजे मायला घरात कोंडून ठेवल्यासारखंच. ती दुसऱ्या महिन्यातच काठी टेकत तुरीत जाऊन बसली. भावाचा फोन आला, "ताई, मी हिले बांधून ठेवू का?" मी ठरवलं, मायला इकडं आणायचं. कायमचं.

पण आमच्याकडं माय लेकीच्या घरी राहत नाही. जुन्या बाया लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझी माय तितकी कडक नाही, पाणी प्यायची. पण अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवायची. एक पोळी खाल्ली की ताटावर हात आडवा. दोन दिवस झाले की पिशवी भरायला काढायची. मी चिडले की म्हणायची, "बसून खाऊ का तुयं? लोकं काय म्हणतीन?" लोक म्हणजे कोण, हे तिलाही सांगता येत नसे. तरी तिच्या बोलण्यात एक फट होती, ती मी बरोबर पकडली. बसून खाणार नाही, म्हणजे काम असलं तर खाईल.

मी फोन लावला. "माय, मले घरामागं बाग कराची हाये. तू ये."

"तू अ‍ॅग्री शिकली ना वं? मंग मले काहून बोलावून राहिली?"

"मले नोकरी हाये. हाताखाली माणूस पाह्यजे."

हाताखाली म्हटल्यावर ती खूश झाली. दिवाळी आटोपून आली आणि उंबऱ्यातच अट घातली, "काम असन तर राहीन. नाईतर संक्रांत झाली का मी जाईन. सांगून ठेवतो तुले."

झालं. मायला ठेवून घ्यायचं तर बाग व्हायला पाहिजे होती. इतकं साधं गणित होतं, आणि मी पदवीधर असल्यामुळे ते साधं ठेवणं मला जमलं नाही.

पहिल्याच रविवारी मी आलेखाचा मोठा कागद आणि रंगीत पेन्सिली आणल्या. उत्तर दिशेचा बाण काढला. प्रमाण लिहिलं. मध्ये लॉन, लॉनच्या कडेनं दगडी पायवाट, पायवाटेच्या टोकाला झोपाळा, झोपाळ्यावर वेल. एका कोपऱ्यात सुगंधी फुलं, दुसऱ्यात पाखरांना पाणी. कचेरीतल्या वरूडच्या एका बाईंना संत्र्याच्या कलमाबद्दल विचारून ठेवलं, त्यासाठी केशरी वर्तुळ काढलं. सगळीकडं ठिबकच्या निळ्या रेघा. उबदार शाल घेऊन, गॅलरीतल्या उन्हात बसून, चहाचा कप शेजारी ठेवून बाग आखण्यात जे सुख आहे ते प्रत्यक्ष बागेत नसावं. निदान कागदावर मुंगळे चढत नाहीत.

माय सकाळी पदर खोचून, हातात कुदळ घेऊन उभी राहायची. "आज खंदाचं काय?"

"आज नाही माय. मातीचा नमुना तपासायला दिला आहे. अहवाल येऊ दे."

"कोणत्या मातीचा?"

"मागच्या आवारातल्या."

"ते माती हाये का वं? मुरूम हाये तो."

"तेच अहवालात येईल."

मायचं बरोबर होतं, हे मला घर बांधल्यापासून माहीत होतं. आमच्या भागात घर बांधायचं म्हणजे आधी काळी माती खणून बाहेर काढायची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि भिंतींना हात जाईल एवढ्या चिरा पाडते. म्हणून ट्रॉल्या भरून ती नाल्याकाठी टाकतात आणि तिच्या जागी मुरूम आणून दाबतात. आमच्या पिढ्यांनी त्या मातीवर पोट भरलं आणि घर बांधताना मीच ती ट्रॉलीत भरून घालवली. पण मुरूम आहे हे मायनं सांगणं वेगळं आणि प्रयोगशाळेनं सांगणं वेगळं. मायच्या सांगण्यावर शिक्का नसतो.

पहिल्या आराखड्यात झोपाळा पश्चिमेला आला होता. तिथं उन्हाळ्यात बसलेला माणूस वाळून पापड होईल हे लक्षात आलं, म्हणून सुधारित आराखडा केला. त्यात लॉन नळापासून लांब गेलं, म्हणून पुन्हा सुधारित केला. ठिबकचे व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतला प्रत्येक माणूस कुठल्या तरी थंड डोंगरावर राहत होता. आमच्याकडं एप्रिलमध्ये लोखंडी फाटकाला हात लावायला फडकं लागतं हे त्यांच्यापैकी कोणाच्याही गावी नव्हतं. तरी मी टिपणं काढली.

नवरा अधूनमधून डोकावायचा. त्याचं घराणं अमरावतीचंच, शिक्षकांचं. तीन पिढ्यांत कोणी कुंडीत तुळशीपलीकडं काही लावलं नाही. तो म्हणाला, "अगं, एखादा वाफा तरी करून टाक. आई नुसत्या बसून असतात."

मी म्हटलं, "आधी नियोजन, मग अंमलबजावणी."

"हे तू मला सांगतेस की कचेरीला?"

त्याच्याकडं मी दुर्लक्ष केलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस माय शांत झाली. सकाळचं "खंदाचं काय" बंद झालं. मला वाटलं, तिला आराखड्याचं महत्त्व पटायला लागलं. त्याच आठवड्यात बैठकीसाठी मला अकोल्याला जायचं होतं. माय म्हणाली, "जुन्या शहरात जाशीन तर पावभर मेथीदाणे आण. तिथले चांगले राह्यतात."

हिवाळ्यात मेथीदाणे म्हणजे लाडू. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बैठक संपल्यावर मी मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीबोळातून ते दुकान शोधलं, अर्धा तास रांगेत उभी राहिले आणि पावभराऐवजी अर्धा किलो आणले. मायनं डबा हातात घेऊन दाणे तळहातावर चोळून पाहिले. मग चार दिवस गेले, आठ गेले, लाडूंचा पत्ता नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "लाडवाचं काय झालं?" माय म्हणाली, "होईन, होईन." आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ते एकमेकांकडं पाहणंही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग स्वयंपाकघरातले धने संपले. आठवड्यापूर्वी भरलेली बरणी तळाला गेली. पाठोपाठ मोहरी. मग भिजवायला ठेवलेले हरभरे वाटीभर कमी. मी शास्त्रीय विचार केला आणि उंदराचा पिंजरा आणून ओट्याखाली लावला.

माय पिंजऱ्याकडं पाहून म्हणाली, "उंदरं झाले का वं?"

"मग काय. धने खातात."

"साखरेले नाई शिवत?"

"नाही."

"लय शिकलेले उंदरं दिसून राहिले," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

आता मी स्वतःच सांगते, म्हणजे तुम्हाला सांगावं लागणार नाही. मेथीदाणे, धने, मोहरी, हरभरे हे चारही बियाणं आहे. हे कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला नाही, बालवाडीतल्या पोराला कळतं. मायच्या नखांत काळी माती असायची, ती मी रोज पाहत होते. मला वाटायचं, चुलीची राख असेल. आमच्या घरात गॅस आहे.

उलगडा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी झाला. शेजारच्या काकू, निवृत्त मुख्याध्यापिका, आमचं भांडं परत द्यायला आल्या. भांड्यात तिळाची चटणी घालून आणली होती.

"मेथी फार कोवळी होती हो तुमची," त्या म्हणाल्या. "बाजारातल्या मेथीला ही चव नाही. शेवटी शिक्षण ते शिक्षण."

मी भांडं हातात घेतलं. मग म्हटलं, "आवडली ना?"

खरं सांगते, दुसरं काही सुचलंच नाही. कोणी शिक्षणाचं कौतुक केलं की मी आधी ते घेते, मग कशाबद्दल आहे ते पाहते.

"आणि पालक सुद्धा. यांनी तर सांबार नुसता तोंडात टाकून खाल्ला." कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात, पुण्याहून आलेल्या पाहुण्याला एकदा मी सांबार निवडायला बसवलं तर तो वाटी घेऊन आला होता.

काकू गेल्या. मी मागच्या आवारात गेले. आवार होतं तसंच होतं, पिवळा मुरूम आणि माझ्या झोपाळ्याच्या जागेवर पुरलेली खुणेची काडी. मात्र नळाला लावलेला पाइप आमच्या मागच्या भिंतीवरून पलीकडं गेला होता, आणि त्याचं तोंड वर धरून नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा होता.

"हे काय चाललं आहे?"

"पाणी," तो म्हणाला.

मी त्याला उतरवून खुर्चीवर चढले. भिंतीपलीकडं एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो. इतकी वर्षं तिथं गाजरगवत आणि वेफर्सच्या पिशव्या यांचंच राज्य होतं. आता अर्धा प्लॉट साफ. काळीभोर, न खणलेली, न दाबलेली माती, आणि तिच्यावर वाफे. मेथी कापून पुन्हा फुटलेली. पालक, त्याचं बी माय गावाहूनच पिशवीतून घेऊन आलेली. सांबार. कडेनं मोहरीची पिवळी फुलं, मागं हरभऱ्याच्या ओळी. मध्ये आंघोळीच्या स्टुलावर माझी माय बसलेली. एक वाफा निंदून झाला की स्टूल पुढं सरकवायची आणि ऑपरेशनचा पाय लांब ठेवून पुन्हा बसायची. गुडघ्याचं तिनं पाहून ठेवलं होतं, आराखड्याशिवाय.

"तुया अहवाल आला का वं?" तिनं वर न पाहता विचारलं.

"माय, हा प्लॉट दुसऱ्याचा हाये!"

"हाव ना. त्याच्या कामी कुठी पडून राहिला?"

"आणि मेथी अशी फेकून पेरतात का? ओळीत पाहिजे. अंतर पाहिजे."

"उगोली ना?"

मी नवऱ्याकडं वळले. "तुला माहीत होतं?"

"मी फक्त पाण्यापुरता," तो म्हणाला. "बियाणं तर तूच आणलं, अकोल्याहून."

त्या दिवशी मी रागानं जेवायला बसले आणि तेव्हा मला ते दिसलं. दोन आठवड्यांपासून ओट्यावर रोज सकाळी एक जुडी यायची, मी ती बाजारची समजून खात होते. मायनं ताटात मेथीची भाजी घेतली. भाकरी खाल्ली. दुसरी भाकरी घेतली. पुन्हा भाजी वाढून घेतली, स्वतःच्या हातानं, कोणाला न विचारता. मग ग्लास उचलून पूर्ण प्याली आणि रिकामा खाली ठेवला. माझा राग तिथंच राहिला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

संक्रांत आली आणि गेली. मायनं पिशवीचं नाव काढलं नाही. भावाचा फोन आला तर त्याला म्हणाली, "घाटे भरून राहिले. हरभरा टाकून कशी येऊ?" मी स्वयंपाकघरात हे ऐकलं आणि अंतिम सुधारित आराखड्याला रंग देत बसले. मला वाटलं, आता घाई नाही.

फेब्रुवारी लागला आणि एका सकाळी भिंतीपलीकडं मोजमापाची फीत घेऊन माणसं आली. प्लॉटमालक स्वतः आला होता. मूळचा इकडचाच, आता निवृत्त होऊन घर बांधायला निघालेला. हिरवा प्लॉट पाहून तो जागीच थांबला. "हे कोणी केलं?"

"मी केलं," स्टुलावरून माय म्हणाली. "या, बसा. पायाले चिखल लागन, असे बाजूनं या."

त्याच्या प्लॉटात त्यालाच बसा म्हणणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. तो बसायला जागा शोधायला लागला. मी भिंतीवरून माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "आजी, मला आठ दिवसांनी खोदकाम सुरू करायचं आहे हो."

"करा ना. घर तं बांधलंच पाह्यजे," माय म्हणाली आणि त्याला सांबाराची मोठी जुडी उपटून दिली.

संध्याकाळी तिनं भावाला फोन लावला. "पुढच्या सोमवारी न्याले ये."

मला हे अपेक्षित नव्हतं. मी धावत आतून कागद आणला, तिच्या पुढ्यात पसरला. "माय, कुठी जातं तू? आपली बाग आता सुरूच करायची. सगळं तयार आहे, बघ."

मायनं कागद मांडीवर घेतला आणि मन लावून पाहिला. "चांगलं काढलं," ती म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं. "हे हिरवं काय हाये?"

"लॉन."

"खातेत?"

"नाही. पाहायचं असतं."

"अन् ह्या निळ्या रेघा?"

"ठिबक. पाणी आपोआप जाते. हा दगडी रस्ता, याच्यात गवत उगवत नाही, निंदायची कटकट नाही. हा झोपाळा, तुझ्यासाठी."

"पाणी आपोआप. निंदन नाई." ती बोटानं रेघांवरून फिरली. "मंग मी काय करू?"

"काही करायचं नाही. बसायचं. म्हणून तर केलं, तुझ्या गुडघ्यासाठी."

"झोपाळ्यावर बसून मी तुयं खाऊ?" ती चिडून नाही, समजावून म्हणाली. "बाई, तू मले पाहुणी केलं यात. पाहुणी कितीक दिवस राह्यते?"

तिनं कागद न चुरगळता परत दिला. तीन महिने मी त्या कागदावर सूर्य कुठून उगवतो ते मांडलं, पाणी कुठून येईल ते मांडलं. ज्या एका बाईला ठेवून घेण्यासाठी हे सगळं, तिच्या हातांना त्यात जागा नव्हती.

सोमवारी सकाळी खोदकामाचं यंत्र आलं. आदल्या दिवशी मायनं सगळी मेथी, सगळा पालक, हरभऱ्याचे हिरवे घाटे काढून आमचा ओटा भरून टाकला होता. तिची पिशवी दारात होती. भाऊ गावाहून निघाला होता. मी कचेरीची पर्स खांद्याला लावून मागच्या आवारात उभी होते. भिंतीपलीकडं यंत्राचा दात मातीत गेला आणि लोण्यासारखी मऊ काळी माती उचलून आली, मेथीची मुळं लोंबकळत असलेली. खाली ट्रॉली उभी होती.

मी खुर्चीवर चढले. "ओ भाऊ! ही माती कुठी नेता?"

"नाल्यावर टाकाची हाये," यंत्रवाला ओरडला.

"भिंतीवरून इकडं टाका!"

"ओ मॅडम, लय होईन!"

"होऊ द्या!"

त्यानं मालकाकडं पाहिलं. मालकाचा एक फेरा वाचत होता, त्यानं मान हलवली. यंत्राचा हात भिंतीवर आला. "कुठी टाकू, सांगा!"

माझ्याजवळ प्रमाणबद्ध नकाशा होता, उत्तरेच्या बाणासकट. मी म्हटलं, "कुठंही टाका!"

पहिला ढीग लॉनवर पडला. दुसरा झोपाळ्यावर. खुणेची काडी कुठं गेली दिसलंच नाही. पाचव्या ढिगाला माय आतून आली, पिशवी तशीच दारात ठेवून. तिनं ढिगाला हात घालून एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, फोडलं. "ओल हाये अजून," ती म्हणाली. "लवकर पसरा लागन. वाळलं का दगड होते." मग नवऱ्याला, "जवाईबापू, तो स्टूल आणा बरं."

मी कचेरीत फोन करून रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. शेतीकाम आहे म्हटलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. आमच्या कचेरीत हे कारण आजवर कोणी दिलं नसावं.

दहाच्या सुमाराला भाऊ आला. घरातून सरळ मागं आला आणि पाहतच राहिला. बहीण साडी खोचून घमेलं वाहते, मेहुणा फावडं उलटं धरून उभा, आणि माय ढिगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून ढेकळं फोडते.

"माय, चाल ना. पिशवी दारात हाये तुई."

"आत ठिव ते."

"म्हंजे?"

"भेंडी पेराची हाये. गवार पेराची हाये. हेच दिवस हायेत त्याचे." तिनं माझ्याकडं पाहिलं. "हायेत ना वं? तू शिकली, सांग त्याले."

"हायेत," मी म्हटलं. माझ्या तक्त्यातही हेच दिवस आहेत.

भाऊ माझ्याकडं पाहून म्हणाला, "ठिवलंच तुनं हिले." चिडला होता की सुटला होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"गोष्टी कमी कर," मायनं त्याला दटावलं. "आलाच हायेस तं त्या जवाईबापूच्या हातातलं फावडं घे, त्यायले नाई येत. अन् जेवून जाजो. भाजी मायी हाये, लाजू नको."